विरुद्ध बाजूचं पान

तराजूबाईंशी वाद घालायचा असेल तर जेवूनखाऊन बसावं, लवकर सुटका होत नाही. त्या तुमचं सगळं म्हणणं ऐकून घेतात, मान डोलावतात आणि शांतपणे म्हणतात, "बरं. आता माझी बाजू तुम्ही मांडा." तुम्ही म्हणाल, तुमची बाजू मी कशाला मांडू? तर म्हणतात, "मग तुम्हाला वाद घालायचा नाहीये, नुसतं भांडायचंय. भांडायला मला वेळ नाही, माझं काम पडलंय." भलेभले इथेच गार पडतात. शेजारच्या किराणावाल्याने तर या बाईंसमोर तोंड उघडायचंच सोडून दिलंय.

काम म्हणाल तर तराजू दुरुस्तीचं. वडिलांकडून शिकल्या. रस्त्याकडच्या खोलीत दुकान, भिंतीवर ओळीने टांगलेल्या दांड्या, टेबलावर लाकडी पेटी आणि त्या पेटीत मोठ्यापासून छोट्यापर्यंत पितळी वजनं. अगदी शेवटची वजनं तर इतकी इवली, की चिमट्यानेच उचलायची आणि उचलताना श्वास रोखायचा. सोनार येतात, औषधांचे दुकानदार येतात, सगळे कुरकुर करत येतात आणि गुपचूप जातात.

आणि या दुकानाच्या मागच्या खोलीत बाईंची शाळा. एक लांब टेबल, एक फळा, पृथ्वीचा एक गोल, ज्याचा दक्षिण ध्रुव धाकटीने लहानपणी चावलाय, आणि विद्यार्थी दोनच. थोरली चौदा वर्षांची, धाकटी आठची. गणित, भाषा, विज्ञान आईकडे. बाईंचे यजमान शहर बस चालवतात, दुपारी पाळी संपली की इतिहास-भूगोल त्यांच्याकडे. इतिहास ते अजूनही थांबे पुकारल्यासारखाच शिकवतात, पण मुलींच्या तो पक्का लक्षात राहतो, ते काही खोटं नाही.

सकाळ सुरू होते प्रार्थनेने. मग धर्मग्रंथातलं एक वचन वाचायचं आणि मग प्रश्न. प्रश्न काहीही चालतो. एकदा धाकटीने विचारलं, "आपली प्रार्थना देवाला ऐकू येते, हे कशावरून?" दुसरी एखादी आई असती तर डोळे वटारले असते. बाई दोन दिवस विचारात पडल्या, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगते. उरलेलं आपण मिळून शोधू." प्रार्थनेच्या मंडळीतल्या एका आजोबांना हे मुळीच आवडलं नाही. लहान मुलांना असले प्रश्न विचारू देता, म्हणाले. बाई म्हणाल्या, "आजोबा, देवाने डोकं दिलंय ते काय नुसती टोपी घालायला?" आजोबांच्या डोक्यावर नेमकी टोपी होती. ते हसले बिचारे.

आता त्या घरातली रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तराजू खरा की खोटा, हे नुसतं बघून समजत नाही. पारडी सारखी, काटा मधोमध, आणि तरीही तराजू पक्का लबाड असू शकतो, कारण दांडीचा एक हात केसभर लांब असतो. मग करायचं काय? डाव्या पारड्यातलं उजव्यात आणि उजव्यातलं डाव्यात. काटा तरीही मधोमध राहिला तर तराजू खरा, हलला तर खोटा. याला बाई म्हणतात पारडी बदलणं. लहानपणापासून हेच करत आल्या, त्यामुळे घरातही तेच. कोणताही मोठा निर्णय असला की दोन पानं लिहायची, एक बाजूचं, एक विरुद्ध. पण ज्याला ती गोष्ट हवी असेल त्याने विरुद्धचं लिहायचं, आणि ज्याला नको असेल त्याने बाजूचं. लिहायला बसण्याआधी समोरच्या माणसासाठी प्रार्थना करायची. पानावर नाव घालायचं नाही, म्हणजे माणसाकडे बघून कोणी मुद्दा तोलणार नाही. ही रीत मांजर पाळायचं की नाही यालासुद्धा लागू होती. मांजराच्या विरुद्ध धाकटीने इतकं जोरदार लिहिलं, की मांजर आलंच नाही. दोन दिवस रडली पोर, पण पान मागे घेतलं नाही.

तर थोरली चौदाची झाली आणि प्रश्न उभा राहिला, आता पुढची वर्षं घरीच, की शाळेत? त्यासाठी शिक्षण कार्यालयाची नवी परवानगी लागणार होती. बातमी कळताच नणंदबाई हजर. या नणंदबाई म्हणजे मुलींची आत्या, तीस वर्षं मोठ्या शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या. त्या वर्गात शिरल्या की बाकंसुद्धा सरळ होतात असं म्हणतात. आल्या आल्या म्हणाल्या, "आता पुरे झाला हा घरगुती खेळ. पोरीला माझ्या शाळेत घाल."

"बसा ताई," बाई म्हणाल्या. "विरोधात आहात ना? मग घरीच शिकवावं या बाजूचं पान तुम्ही लिहायचं."

"मी? वेड लागलंय का तुला?"

"जमणार नसेल तर राहू द्या."

झालं! जमणार नसेल म्हणजे काय? तीस वर्षं दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिका तपासलेल्या बाईला असं म्हणायचं? नणंदबाईंनी चष्मा चढवला, कागद ओढला आणि तासभर मान वर केली नाही. समोर बसून थोरलीने विरुद्धचं पान लिहिलं, कारण तिला घरी राहायचं होतं. शनिवारी दोन्ही पानं वाचली गेली. बाजूचं पान मुलींच्या बाबांनी वाचलं, त्यांच्या त्या बसमधल्या आवाजात. चर्चा झाली आणि घरीच शिकायचं ठरलं. नणंदबाईंचा चेहरा पडला. चपला घालताना त्या एवढंच म्हणाल्या, "हे सगळं कार्यालयात कळलं ना, तर बघ हं तू." आणि गेल्या.

सोमवारी बाईंनी अर्ज भरला. 'घरी का शिकवायचे' याचं एक पान जोडायचं होतं, तेही जोडलं आणि पाकीट टपालात टाकलं.

तीन आठवड्यांनी कार्यालयाचं पत्र आलं. आपल्या घरी चालणाऱ्या शिक्षणाविरुद्ध पाच मुद्द्यांची निनावी तक्रार आली आहे, गुरुवारी सकाळी दहा वाजता अधिकारी चौकशीला येतील, तोवर अर्ज स्थगित.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. पाच मुद्दे! घरातलं इतकं ठाऊक असलेलं माणूस एकच. "बघ हं तू," म्हणाल्या होत्या ना? बघितलं! त्या आठवड्यात नणंदबाईंचे दोन फोन आले, दोन्ही वेळा बाईंनी धाकटीकडून सांगवलं, आई कामात आहे. काम कसलं, चिमटा हातात घेऊन भिंतीकडे बघत बसल्या होत्या. सोनाराचा एक तराजू तीनदा जुळवला आणि तीनदा बिघडवला. सकाळच्या प्रार्थनेत सगळ्यांची नावं घ्यायची पद्धत होती. आत्याच्या नावापाशी आलं की बाईंचा आवाज अडायचा. थोरली हळूच ते नाव घ्यायची आणि पुढे जायची. बाईंच्या हे लक्षात येत होतं, लाजही वाटत होती, पण राग काही उतरत नव्हता.

खरी भीती वेगळीच होती. परवानगी गेली तर आठ वर्षांचं सगळं गेलं. टेबल, फळा, प्रश्न, सगळंच. लोक म्हणणार, आम्ही सांगतच होतो. आणि थोरली? तिने आपली पुस्तकं फडक्याने पुसून एका ओळीत लावून ठेवली होती, पाहुणे निघताना सामान लावतात तशी.

गुरुवार उजाडला. दहाला दहा मिनिटं कमी असताना दारात कोण? नणंदबाई. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेल्या.

"ऐकलं मी, अधिकारी येणारेत," त्या म्हणाल्या.

"हो ना," बाई म्हणाल्या. "तमाशा बघायला पुढची खुर्ची घ्या."

नणंदबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या भिंतीलगतच्या स्टुलावर जाऊन बसल्या.

अधिकारी आले ते घड्याळाकडे बघतच. तरुण माणूस, काखेत जाड फाईल, बुटांना चिखल. त्यांना त्या दिवशी अजून चार घरं गाठायची होती. त्यांनी फळा पाहिला, वह्या चाळल्या, चावलेला दक्षिण ध्रुव बघून भुवया उंचावल्या आणि खुर्चीत टेकले.

"हे बघा बाई," ते म्हणाले, "वह्या चांगल्या आहेत. माझं काही म्हणणं नाही. निनावी तक्रारींना आम्हीही फारशी किंमत देत नाही. 'तक्रारीत तथ्य नाही' असं इथे लिहा, सही करा, मी फाईल बंद करतो. आणि हो, तुमच्या अर्जाला ते पान जोडलेलंच नव्हतं, तेवढं पाठवून द्या."

"जोडलं होतं की मी," बाई म्हणाल्या.

"नव्हतं. बरं, तक्रारीतला पहिला मुद्दा नियमाप्रमाणे वाचून दाखवतो." त्यांनी फाईल स्वतःकडेच धरून वाचलं, "'या मुलींना, न आवडणाऱ्या माणसाच्या शेजारी वर्षभर बसण्याची वेळ कधी आलेली नाही. ते शिकणं या घरात होत नाही.'"

बाईंच्या हातातलं पेन तसंच राहिलं. हे वाक्य त्यांनी ऐकलं होतं. याच टेबलावर, त्या शनिवारी. घडी केलेली दोन पानं, सारखीच दिसणारी, आणि सोमवारची घाई. त्यांनी विरुद्धचं पान पाकिटात घातलं होतं! स्वतःच्याच अर्जाला स्वतःच्याच विरुद्धचं पान! कार्यालयात पाकीट फोडणाऱ्याने अर्ज एकीकडे टाकला, बिननावाचं पान तक्रारींत टाकलं. त्याची तरी काय चूक? स्वतःविरुद्ध असं मुद्देसूद लिहून पाठवणारं दुसरं घर त्याने कुठे पाहिलं असणार?

थोरलीचा चेहरा पांढरा पडला होता. ती आईकडे बघत होती, नुसती बघत होती. धाकटीने तोंड उघडलं आणि स्वतःच हाताने झाकून घेतलं. आणि स्टुलावरून अगदी हलक्या आवाजात नणंदबाई म्हणाल्या, "कर गं सही. होऊ दे मोकळं."

म्हणजे त्यांनीही ओळखलं होतं! एका शब्दाने सगळं उलटवू शकत होत्या आणि उलट म्हणत होत्या, कर सही. बाईंना स्वतःचीच इतकी शरम वाटली, की टेबलाखाली जावंसं वाटलं. आठवडाभर मनातल्या मनात या बाईला फासावर चढवलं, आणि एकदा, फक्त एकदा, पारडी बदलून पाहावंसं वाटलं नाही? मुलींना शिकवायला मात्र पुढे!

सही केली तर खोटं काय होतं? तीन शब्द. परवानगी हातात. पण त्या तीन शब्दांनंतर उद्या सकाळी या टेबलाशी बसून मुलींना शिकवायचं काय?

बाईंनी पेन खाली ठेवलं. "साहेब, मला सही करता येणार नाही. तक्रारीत तथ्य आहे. आणि ती तक्रारही नाही. ते आमच्याच घरचं पान आहे, माझ्याच हातून तुमच्याकडे आलंय."

"म्हणजे?"

"मी लिहिलंय," थोरली उभी राहिली. "मला घरीच शिकायचंय. म्हणून विरुद्धचं पान मी लिहिलं."

अधिकाऱ्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग पानाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "मुली, तुला घरी शिकायचंय, आणि तूच लिहिलंस की इथे परीक्षानळी एकही नाही, रसायनशास्त्र नुसतं पुस्तकातून शिकवतात?"

"नाहीये ना पण," थोरली म्हणाली.

"आणि, दुकानात गिऱ्हाईक आलं की गणित थांबतं?"

"थांबतं."

"आणि हे शेवटचे दोन? 'आई चुकली तर तिला सांगणारं दुसरं मोठं माणूस या शाळेत नाही. आणि मुली आईचा देवावरचा विश्वास आईवरच्या प्रेमापोटी धरतात, की स्वतः पारखून, हे त्यांना तरी कसं कळणार?'" वाचता वाचता त्यांचा आवाज बदलला. "हेही तूच लिहिलंस?"

"हो. शेवटचा तो सगळ्यात जड मुद्दा आहे. लिहून झाल्यावर मला झोप लागेना. मग मी प्रार्थना सोडून बघायचं ठरवलं, आईला सांगून. आई म्हणाली, बघ. सहा दिवस सोडली. सातव्या दिवशी मीच परत सुरू केली, आणि ती आईसाठी नव्हती." तिने एक श्वास घेतला. "पण बाकीचे चार मुद्दे अजून तसेच आहेत."

बाईंनी कपाळाला हात लावला. अगं, थोडं कमी खरं बोललीस तरी चाललं असतं! असं मनात आलं आणि त्याच वेळी ऊर असा भरून आला, की हसू येतंय की रडू, हे त्यांचं त्यांनाच कळेना.

अधिकाऱ्यांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं. चार घरं विसरले बहुतेक. "मग दुसरं पान कुठाय? बाजूचं?"

धाकटी धावली. पितळी वजनांच्या पेटीखाली घडी घातलेलं पान होतं, ते तिने आणून टेबलावर ठेवलं. वाचणार कोण? बाईंनी घडी उलगडली, ते वळणदार, फळ्यावर शोभेल असं अक्षर पाहिलं आणि पान नणंदबाईंपुढे धरलं. "ताई, हे तुम्हीच वाचा. त्या दिवशी मी जिंकायच्या नादात होते. मला नीट ऐकूच आलं नव्हतं."

नणंदबाईंनी चष्मा पुसला. जरा जास्तच वेळ पुसला.

"'मी तीस वर्षं वर्गात उभी आहे,'" त्या वाचू लागल्या. "'हे कशावरून, असं विचारणारी मुलं मला बोटांवर मोजता येतील. या घरात आठ वर्षांची मुलगी तो प्रश्न रोज सकाळी विचारते आणि तिला कोणी गप्प बसवत नाही. मागच्या महिन्यात तिच्या हातून एका सोनाराचं इवलं वजन हरवलं. कोणाच्या लक्षातही आलं नसतं. ती स्वतः त्याच्या दुकानात जाऊन सांगून आली, आणि मग रडली. थोरली चूक कबूल करताना मान खाली घालत नाही, आणि दुसऱ्याची चूक दाखवताना मान वर करत नाही. हे मला शाळेत शिकवता आलेलं नाही. मी या घराशी सहमत नाही. पण माझ्या वर्गातून अशी एक मुलगी बाहेर पडली असती, तर मी ते सगळ्यांना सांगत सुटले असते.'"

पान खाली ठेवलं गेलं. बाहेर किराणावाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता.

"हे कोणी लिहिलं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मी," नणंदबाई ताठ बसून म्हणाल्या. "मी विरोधात आहे."

"थांबा हं. ज्या मुलीला हवंय तिने विरुद्ध लिहिलं, आणि तुम्हाला नकोय तर तुम्ही बाजूने?"

"मग काय!" धाकटीला राहवलं नाही. "नाहीतर कळणार कसं?"

अधिकारी खो खो हसले. पण बाई हसत नव्हत्या. त्या उठून नणंदबाईंसमोर उभ्या राहिल्या. "ताई, मला वाटलं तक्रार तुम्हीच केलीत. आठवडाभर तेच धरून बसले होते. तुमचे फोन घेतले नाहीत, तुमच्यासाठी प्रार्थनाही केली नाही. चुकले मी. मुलींसमोर सांगते, चुकले."

नणंदबाईंचा चेहरा लाल झाला. वाटलं, आता फुटतंय काहीतरी. पण त्या म्हणाल्या, "क्षमा नंतर. आधी माझी बाजू मांड. मी 'हो' म्हणेपर्यंत. तुमचीच रीत आहे ना?"

बाई सावकाश बोलू लागल्या, शब्द शोधत. "तुम्ही तीस वर्षं खडूच्या धुळीत काढलीत. दुसऱ्यांच्या शेकडो मुलांना शिकवलंत. आणि स्वतःच्या भाच्या मात्र मी तुमच्याकडे पाठवल्या नाहीत. म्हणजे जणू मी सगळ्यांसमोर म्हणाले, की त्यांनी तुमच्याकडून शिकावं असं काही नाही. तुमचा राग शाळेसाठी नव्हता ताई. या टेबलाशी तुम्हाला कोणी खुर्चीच दिली नाही, म्हणून होता."

नणंदबाईंनी चष्मा काढला. "हो," त्या म्हणाल्या. "हेच. आठ वर्षं हेच." आणि वर्गात बाकं सरळ करणारी ती बाई पदराला डोळे पुसत हमसून हमसून रडली. थोरलीने जाऊन तिला मिठी मारली, धाकटी दोघींवर चढली.

अधिकारी खाकरले. "परवानगी मी देतोय," ते म्हणाले. "दोन्ही पानं अर्जाला जोडून. असा अर्ज माझ्या टेबलावर आजवर आलेला नाही. पण मुद्दा दोन जड आहे बाई, परीक्षानळीचा. आणि चार, तुम्ही चुकलात तर सांगणारं कोणी नाही. त्याचं काय करायचं?"

बाईंनी अर्ज पुढे ओढला. त्यात 'घरी शिकवणारे' या शीर्षकाखाली तीन ओळी होत्या. पहिलीवर त्या, दुसरीवर मुलींचे बाबा. तिसरी दर वेळी कोरी जायची. त्यांनी त्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि पेन नणंदबाईंना दिलं.

नणंदबाईंनी अर्ज आधी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, सवयच ती. मग नाक ओढलं, आणि त्या वळणदार अक्षरात सही ठोकली.

"शनिवारी सकाळी नऊला, माझ्या प्रयोगशाळेत," त्या थोरलीला म्हणाल्या. "नऊ म्हणजे नऊ. केस बांधून यायचं." मग तराजूबाईंकडे वळल्या. "आणि तूही ये. रसायनशास्त्र तू पुस्तकातून शिकवतेस ना? तीन चुका तर मी आज फळ्यावरच पाहिल्या."

"कुठे?" बाई चमकून वळल्या.

"खडू आण," नणंदबाई म्हणाल्या आणि स्टूल उचलून लांब टेबलाशी आल्या.